हायड्रोजन-ऑक्सिडीकारक जीवाणूंचे पेशीरूप आणि पृष्ठरचना : 'हायड्रोजेनोमोनास' प्रजातीचा उदयास्त

प्रस्तावना

एखाद्या जीवाणू-प्रजातीचे नाव कोणत्या वर्षी अस्तित्वात आले हे सांगणे सोपे असते. ते कोणत्या वर्षी मोडीत निघाले हे नेमकेपणाने सांगता येण्याचे प्रसंग मात्र थोडे. 'हायड्रोजेनोमोनास' हे अशा नावांपैकी एक होय. सन १९०९ मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ सिगुर्ड ऑर्ला-जेन्सेन यांनी ही प्रजाती स्थापन केली आणि सन १९६९ मध्ये अमेरिकेतील डेव्हिस, डूडोरॉफ, स्टॅनियर आणि मँडेल या चार संशोधकांनी ती रद्द करावी असा प्रस्ताव मांडला. मधल्या साठ वर्षांत जीवाणू तेच राहिले, त्यांचे काम तेच राहिले. बदलली ती त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी, आणि या बदलात जीवाणूच्या पृष्ठभागावरील काही अतिसूक्ष्म धाग्यांचा वाटा मोठा होता.

हायड्रोजन वायूचे ऑक्सिजनच्या साहाय्याने ऑक्सिडीकरण करून त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर कार्बन डाय-ऑक्साइडपासून स्वतःचे शरीर घडविणारे हे जीवाणू होत. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या स्फोटक मिश्रणाला जर्मन भाषेत 'क्नालगास' म्हणतात, म्हणून यांना क्नालगास जीवाणू असेही नाव पडले. ठिणगी पडताच कानठळ्या बसविणारा स्फोट घडविणारे हे मिश्रण हे जीवाणू सामान्य तापमानाला, शांतपणे, पाण्यात रूपांतरित करतात. प्रस्तुत लेखात या जीवाणूंच्या पेशीचा आकार, कशाभिका, पेशीभित्तिका आणि पृष्ठावरील आवरणे यांच्या अभ्यासाचा इतिहास वर्गीकरणाच्या अंगाने पाहिला आहे. जीवाणू काय करतो यावरून त्याची ओळख ठरवावी की तो कसा दिसतो यावरून, हा या इतिहासाच्या मुळाशी असलेला प्रश्न होय. लेखात 'प्रजाती' हा शब्द अनेक जातींच्या समूहासाठी आणि 'जाती' हा शब्द त्यातील एकेका घटकासाठी वापरला आहे.

मातीतून नाहीसा होणारा वायू

हायड्रोजन-ऑक्सिडीकारक जीवाणूंचा शोध जीवाणू पाहून लागला नाही, वायू नाहीसा होताना पाहून लागला. जिनिव्हा येथील थिओडोर द सोस्यूर यांनी १८३० च्या दशकाच्या अखेरीस कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांच्या आणि मातीच्या सान्निध्यात हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे मिश्रण हळूहळू कमी होत जाते, असे नोंदविले. त्या काळी यामागे सजीव असतील ही कल्पना सहज सुचण्यासारखी नव्हती. सन १८९२ मध्ये इम्मेनडॉर्फ यांनी ही क्रिया मातीतील सूक्ष्मजीवांमुळे होत असल्याचे मत पुढे आणले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मात्र एकाच वेळी अनेक ठिकाणी हा विषय हाती घेतला गेला. १९०५-०६ च्या सुमारास ऑस्ट्रियात कासेरर, हॉलंडमधील डेल्फ्ट येथे सोंगेन आणि रशियन साम्राज्यात नाबोकिख व लेबेडेफ यांनी हायड्रोजनवर वाढणाऱ्या जीवाणूंविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

कासेरर यांनी आपल्या जीवाणूला 'बॅसिलस पँटोट्रोफस' असे नाव दिले. 'पँटोट्रोफस' म्हणजे सर्व काही खाणारा. हायड्रोजनवर वाढणारा हा जीवाणू नेहमीच्या सेंद्रिय अन्नावरही तितकाच सुखाने वाढतो, हे त्यांच्या ध्यानात आले होते. हे निरीक्षण पुढील सर्व इतिहासाची गुरुकिल्ली ठरावे असे आहे. पण पुढील साठ वर्षे त्याचे पूर्ण महत्त्व फार थोड्यांनी ओळखले. पोलिश वनस्पतिशास्त्रज्ञ निकलेव्हस्की यांनी १९१० च्या आसपास 'व्हिट्रिया' आणि 'फ्लावा' अशा दोन जाती वर्णिल्या. पहिली काचेसारख्या पारदर्शक वसाहतीची, दुसरी पिवळ्या वसाहतीची. म्हणजे नाव देताना पेशीपेक्षा वसाहतीचे रूप डोळ्यांसमोर होते. एक ते दोन मायक्रोमीटर लांबीच्या दंडाकार पेशीमध्ये नाव देण्याजोगे वेगळेपण त्या काळच्या सूक्ष्मदर्शकातून फारसे दिसत नसे, हे लक्षात घेतले तर यात नवल नाही.

'हायड्रोजेनो' आणि 'मोनास'

सन १८७२ मध्ये फर्डिनांड कोह्न यांनी जीवाणूंचे वर्गीकरण प्रामुख्याने आकारावर उभारले होते. गोल, दंडाकार, मळसूत्राकार अशी ही विभागणी आजही शाळेच्या पाठ्यपुस्तकांतून शिकविली जाते. परंतु विनोग्राडस्की यांनी १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात गंधक आणि अमोनिया यांसारख्या निरिंद्रिय पदार्थांवर जगणारे जीवाणू दाखवून दिल्यावर नुसता आकार पुरेसा नाही, हे स्पष्ट होऊ लागले. सारख्याच दिसणाऱ्या दोन दंडाणूंपैकी एक दूध नासवितो आणि दुसरा अमोनियापासून नायट्राइट तयार करतो. मग त्यांना एकाच कप्प्यात का ठेवावे?

ऑर्ला-जेन्सेन हे कोपनहेगनचे. दुग्धव्यवसायाशी संबंधित जीवाणूंचा त्यांचा अभ्यास विशेष प्रसिद्ध आहे. सन १९०९ मध्ये त्यांनी जीवाणूंच्या नैसर्गिक पद्धतीची एक रूपरेषा मांडली. पृथ्वीवर सेंद्रिय पदार्थ उपलब्ध नसताना जे जीव जगू शकले असतील ते सर्वांत आदिम, अशी त्यांची धारणा होती. म्हणून निरिंद्रिय पदार्थांवर जगणाऱ्या जीवाणूंना त्यांनी आपल्या पद्धतीच्या आरंभी स्थान दिले आणि मिथेन, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन अशा एकेका खाद्यानुसार मिथॅनोमोनास, कार्बॉक्सिडोमोनास, हायड्रोजेनोमोनास अशा प्रजाती स्थापल्या. कासेरर यांचा जीवाणू हायड्रोजेनोमोनास प्रजातीची नमुना-जाती ठरला.

ऑर्ला-जेन्सेन यांनी आकाराला आणि पृष्ठरचनेला रजा दिली, असे मात्र म्हणता येणार नाही. त्यांच्या पद्धतीत कशाभिकांच्या स्थानाला मोलाचे स्थान होते. पेशीच्या टोकाशी कशाभिका असणारे आणि पेशीच्या सर्व अंगावर कशाभिका असणारे, असे दोन मोठे विभाग त्यांनी कल्पिले होते. 'मोनास' हे उपपद टोकाशी कशाभिका असणाऱ्या जीवाणूंकडे निर्देश करते. 'हायड्रोजेनोमोनास' या एका नावात त्यामुळे दोन निकष जोडले गेले. 'हायड्रोजेनो' हा अर्धा भाग कामाविषयी बोलतो, 'मोनास' हा अर्धा भाग रूपाविषयी. हायड्रोजन खाणारे सर्व जीवाणू टोकाशीच कशाभिका असणारे निघतील, असे त्यात गृहीत धरलेले होते. हे गृहीतक निसर्गाने मानले नाही.

कशाभिका पाहण्याची अडचण

हे गृहीतक इतकी वर्षे का टिकले, हे समजून घेण्यासाठी कशाभिका पाहणे किती अवघड होते याची कल्पना असणे आवश्यक आहे. कशाभिकेची जाडी सुमारे २० नॅनोमीटर असते. प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाची भेदनक्षमता सुमारे २०० नॅनोमीटर. म्हणजे जिवंत जीवाणू पोहताना दिसतो, पण तो कशाच्या बळावर पोहतो हे दिसत नाही. १८८९-९० च्या सुमारास लोफ्लर यांनी रंगस्थापक वापरून कशाभिकेवर रंगाचे थर चढविण्याची पद्धत सुचविली. त्यात जे दिसते ते कशाभिकेवर साचलेले रंगाचे आवरण असते. काच किंचित तेलकट असली, द्रावण जुने झाले, संवर्ध जोराने हलविला गेला, तर कशाभिका गळून पडतात किंवा रंगाचे डाग कशाभिका म्हणून गणले जातात. एकाच जीवाणूविषयी दोन प्रयोगशाळांनी दोन वेगळी विधाने करावीत, असे प्रकार त्या काळच्या साहित्यात म्हणूनच वारंवार आढळतात. त्यांचा दोष निरीक्षकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

आइनार लाइफसन यांनी ही पद्धत बरीच विश्वसनीय केली. त्यांची सुधारित रंजनपद्धती सन १९५१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि सन १९६० मध्ये त्यांनी जीवाणूंच्या कशाभिकांचा एक चित्रसंग्रहच सिद्ध केला. कशाभिकांची संख्या, स्थान आणि त्यांच्या लाटांची लांबी ही वर्गीकरणाची भरवशाची साधने आहेत, असा त्यांचा आग्रह होता. याच सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकही प्रयोगशाळांच्या हाती आला. सन १९५९ मध्ये ब्रेनर आणि हॉर्न यांनी ऋण-रंजनाची पद्धत मांडली. या पद्धतीत पार्श्वभूमी काळी होते आणि रंग न चढविलेली कशाभिका उजळ धाग्यासारखी दिसते. जे दिसते ते खरोखर कशाभिका आहे, अशी खात्री आता देता येऊ लागली. हायड्रोजेनोमोनास प्रजातीचा प्रश्न ऐरणीवर आला तो ही साधने उपलब्ध झाल्यानंतर, हा निव्वळ योगायोग नव्हे.

युद्धोत्तर काळ आणि अंतराळाची ओढ

सन १९५२ मध्ये आल्बर्ट शाट्झ आणि बोव्हेल यांनी 'हायड्रोजेनोमोनास फॅसिलिस' ही नवी जाती वर्णिली. शाट्झ हे स्ट्रेप्टोमायसिनच्या शोधातील एक प्रमुख नाव. त्या शोधाच्या श्रेयावरून त्यांचा आपल्या मार्गदर्शकांशी झालेला न्यायालयीन वाद सर्वश्रुत आहे. त्या गदारोळानंतर अवघ्या काही वर्षांत ते अशा अनोळखी जीवाणूकडे वळलेले दिसतात. १९५० च्या दशकातच अमेरिकेत 'हायड्रोजेनोमोनास युट्रोफा' हीही जाती प्रचारात आली. जर्मनीत ग्योटिंगेन येथे हान्स ग्युंटर श्लेगेल यांच्या गटाने हा विषय हाती घेतला आणि १९६२ मध्ये विल्डे यांनी तेथे वर्णिलेला 'एच-१६' हा वाण पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचला.

या वाणाने पेशीच्या आकाराविषयी एक वेगळाच धडा दिला. हायड्रोजन भरपूर आहे, पण नायट्रोजनयुक्त अन्न संपले आहे, अशा अवस्थेत या पेशी पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट नावाच्या पदार्थाचे कण आत साठवितात. शुष्क वजनाच्या ८० टक्क्यांहून अधिक भाग या कणांचा असू शकतो. सन १९६१ मध्ये श्लेगेल, गॉटशाल्क आणि फॉन बार्था यांनी या जीवाणूंमधील ही साठवण व तिचा पुनर्वापर दाखवून दिला. सडपातळ दंडाकार पेशी अशा वेळी जाडजूड, जवळपास अंडाकृती दिसू लागते आणि आतील कण प्रकाशात चमकतात. सकाळच्या संवर्धातील आणि तीन दिवसांनंतरच्या संवर्धातील पेशी एकाच जीवाणूच्या आहेत, यावर नवख्याचा विश्वास बसणार नाही. हाच पदार्थ पुढे 'बायोपॉल' या नावाने विघटनशील प्लॅस्टिक म्हणून बाजारात आला आणि १९९० मध्ये जर्मनीत शाम्पूच्या बाटल्यांसाठी वापरला गेला.

सन १९६० च्या दशकात या जीवाणूंना अचानक मोठेपण लाभले ते अंतराळ संशोधनामुळे. बंद यानात पाण्याचे विद्युत्-विघटन करावे, ऑक्सिजन अंतराळवीरांना द्यावा, हायड्रोजन जीवाणूंना द्यावा आणि अंतराळवीरांनी उच्छ्वासावाटे सोडलेला कार्बन डाय-ऑक्साइड शोषून वाढलेले जीवाणू पुन्हा अन्न म्हणून वापरावेत, अशी ती आकर्षक योजना होती. अमेरिकेत त्यासाठी अनेक प्रयोगशाळांना साहाय्य मिळाले. सन १९६९ मध्ये वास्लिएन, कॅलोवे आणि मार्गेन यांनी 'नेचर' मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाने मात्र या उत्साहावर पाणी पडले. हायड्रोजेनोमोनास युट्रोफासह जीवाणूंचे अन्न सेवन केलेल्या स्वयंसेवकांना पोटाचे त्रासदायक विकार जडले होते. हे काम बर्कले येथील होते. ज्या वर्षी बर्कलेतील एका प्रयोगशाळेने या जीवाणूला अन्न म्हणून नाकारले, त्याच वर्षी त्याच परिसरातील दुसऱ्या प्रयोगशाळेने त्याचे नाव नाकारले.

सन १९६९ : नावाचे विसर्जन

डूडोरॉफ यांचा या प्रश्नाशी संबंध जुना होता. सन १९४० मध्ये त्यांनी हायड्रोजनच्या साहाय्याने संवर्धित केलेल्या एका जीवाणूचे वर्णन केले. पण त्याला हायड्रोजेनोमोनास न म्हणता 'स्यूडोमोनास सॅकरोफिला' म्हणजे साखरप्रिय स्यूडोमोनास असे नाव दिले. साखरेवर हा जीवाणू उत्तम वाढतो, त्याचे रूप स्यूडोमोनाससारखे आहे, मग हायड्रोजन वापरण्याच्या एका कौशल्यासाठी त्याला वेगळ्या घरात का पाठवावे, असा त्यामागील विचार दिसतो. पुढे १९६६ मध्ये स्टॅनियर, पॅलेरोनी आणि डूडोरॉफ यांनी २६७ वाणांचा अभ्यास करून स्यूडोमोनास समूहाचे सविस्तर वर्णन केले. त्यात शंभराहून अधिक सेंद्रिय पदार्थांवरील वाढीची तपासणी होती आणि कशाभिकांची नोंदही होती.

याच पद्धतीने हायड्रोजेनोमोनास प्रजातीतील वाण तपासले गेले, तेव्हा 'मोनास' या अर्ध्या नावाचा टिकाव लागेना. 'फॅसिलिस' या जातीची कशाभिका ध्रुवावर होती. 'युट्रोफा' आणि तिच्याशी जुळणारा एच-१६ यांच्या पेशींवर मात्र थोड्या कशाभिका अंगावर विखुरलेल्या आढळल्या. इतक्या थोड्या, की संशोधकांनी या रचनेला 'क्षीण स्वरूपाची परिकशाभिक रचना' असे म्हटले. ही क्षीणताच आधीच्या निरीक्षकांना चकवीत आली असावी. एखाद्या पेशीवर एक-दोनच कशाभिका उरल्या आणि त्यांतील एक टोकाजवळ असली, तर ती ध्रुवीय वाटणे अगदी स्वाभाविक आहे. डीएनएच्या आधारकांच्या प्रमाणाचा पुरावाही मँडेल यांच्या साहाय्याने जोडला गेला.

निष्कर्ष असा निघाला की, हायड्रोजेनोमोनास या एका छपराखाली परस्परांशी फारसे नाते नसलेली मंडळी राहत होती. त्यात भर अशी की, नमुना-जातीचा म्हणजे कासेरर यांच्या जीवाणूचा मूळ संवर्ध जगात कोठेही उरलेला नव्हता. ज्या नावाचा मूळ धारकच हरवला आहे आणि ज्याची व्याख्या एका अन्नप्रकाराखेरीज कशावरही उभी नाही, ते नाव सोडून द्यावे, असे या संशोधकांनी सुचविले. फॅसिलिस आणि फ्लावा यांना स्यूडोमोनास प्रजातीत, तर युट्रोफाला 'अल्कॅलिजेनेस युट्रोफस' या नावाने परिकशाभिक जीवाणूंच्या प्रजातीत पाठविण्यात आले. सन १९०९ मध्ये एकत्र जोडलेले दोन निकष १९६९ मध्ये एकमेकांविरुद्ध उभे राहिले आणि त्यांत रूपाचा निकष सरस ठरला.

भित्तिकेचा चकवा

रूपावरील हा विश्वास किती जपून ठेवायला हवा, हे पुढच्याच दशकात दिसून आले. सन १९७४ मध्ये बाउमगार्टेन, रे आणि श्लेगेल यांनी एका पिवळ्या हायड्रोजन-ऑक्सिडीकारक जीवाणूला 'कॉरिनेबॅक्टेरियम ऑटोट्रोफिकम' असे नाव दिले. त्याच्या पेशी वेड्यावाकड्या होत्या, सक्सिनेटयुक्त माध्यमात तर त्यांना फांद्या फुटत. शिवाय ग्राम रंजनात त्या अनेकदा जांभळ्या दिसत. सन १८८४ पासून रूढ असलेल्या या परीक्षेत जांभळा रंग टिकला तर पेशीभित्तिका जाड आणि जीवाणू ग्रामधन, रंग धुऊन गेला तर भित्तिका पातळ व तिच्यावर बाह्यपटल असून जीवाणू ग्रामऋण, असे मानले जाते. फांद्या आणि जांभळा रंग या दोन्ही खुणा कॉरिनेबॅक्टेरियमकडे बोट दाखवीत होत्या.

वस्तुतः हा जीवाणू ग्रामऋण निघाला. त्याच्या पेशीत पॉलिफॉस्फेटचे कण असतात आणि ते जांभळा रंग धरून ठेवतात. परीक्षा भित्तिकेची होती, उत्तर मात्र पोटातल्या कणांनी दिले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील पेशीच्या छेदांनी आणि भित्तिकेच्या रासायनिक पृथक्करणाने बाह्यपटलाचे अस्तित्व सिद्ध झाले. सन १९७८ मध्ये विगेल आणि सहकाऱ्यांनी त्याला 'झँथोबॅक्टर' या नव्या प्रजातीत नेले. 'झँथो' म्हणजे पिवळा. हा पिवळेपणा झिआझँथिन वर्गातील रंगद्रव्याचा. या जीवाणूच्या पृष्ठाभोवती चिकट आवरण असते आणि त्यात पॉलिग्लुटामीन हा क्वचित आढळणारा घटक असतो. विगेल यांनी पुढे १९८२ मध्ये पॉलिमिक्सिन-बी वापरून भित्तिकेचा खरा प्रकार ओळखण्याची पद्धत मांडली आणि 'ग्राम प्रतिक्रिया' व 'ग्राम प्रकार' या दोन गोष्टींत भेद करण्याचा आग्रह धरला. रंजनाचे उत्तर ही प्रतिक्रिया, भित्तिकेची रचना हा प्रकार. दोहोंची गल्लत करू नये, हे आज विद्यार्थ्याला साधे वाटणारे विधान एका हायड्रोजनभक्षी जीवाणूने चकविल्यानंतर पुढे आले आहे.

खरे ग्रामधन हायड्रोजनभक्षीही होतेच. सन १९७३ मध्ये अग्गाग आणि श्लेगेल यांनी वर्णिलेला 'नोकार्डिया ओपाका' (पुढे 'ऱ्होडोकोकस ओपाकस') कोवळ्या वयात तंतूसारखा वाढतो आणि वय वाढताच तुकडे होऊन आखूड दंड व गोल पेशींत विखुरतो. सन १९७८ मध्ये अरान्यो व श्लेगेल यांनी मळसूत्राकार जीवाणू वर्णिला. १९७९ मध्ये शेंक व अरान्यो यांनी बीजाणू निर्माण करणारा, उच्च तापमानात वाढणारा 'बॅसिलस श्लेगेली' प्रसिद्ध केला. सन १९८४ मध्ये जपानमधील कावासुमी व सहकाऱ्यांनी उष्ण झऱ्यांतील 'हायड्रोजेनोबॅक्टर थर्मोफिलस', तर १९९२ मध्ये हुबेर, श्टेटर व सहकाऱ्यांनी आइसलँडच्या उत्तरेकडील समुद्रतळावरचा, ९५ अंश सेल्सिअसपर्यंत वाढणारा आणि अनेक कशाभिका धारण करणारा 'अॅक्विफेक्स पायरोफिलस' जगासमोर आणला. कोह्न यांच्या तिन्ही आकारांत, दोन्ही ग्राम प्रकारांत आणि कशाभिकांच्या जवळजवळ सर्व रचनांत हायड्रोजनभक्षी सापडू लागले.

कौशल्य पेशीत कोठे वसते

इतक्या विविध रूपांत एकच कौशल्य का सापडावे, याचे उत्तर पृष्ठावर नव्हते, त्याच्या किंचित आत होते. हायड्रोजनचा रेणू इतका लहान आणि विद्युत्-प्रभाररहित असतो की, पेशीचे पटल तो विनासायास ओलांडतो. त्याला आत घेण्यासाठी पेशीच्या पृष्ठावर कोणतेही खास द्वार, केस वा पकड लागत नाही. एच-१६ मध्ये हायड्रोजनेज हे विकर दोन ठिकाणी असते : एक पेशीद्रवात विरघळलेले आणि दुसरे पेशीपटलाला बाहेरच्या अंगाने चिकटलेले. पटलावरील हे विकर ऑक्सिजनच्या उपस्थितीतही काम करते. अशा यंत्रणेला ना विशिष्ट आकार लागतो ना विशिष्ट कशाभिका. म्हणूनच रूपावरून हायड्रोजनभक्षी ओळखता येत नाही आणि हायड्रोजनभक्षणावरून नातेसंबंध ठरत नाही.

याहून मोठा धक्का सन १९८१ मध्ये बसला. ग्योटिंगेन येथील बेर्बेल फ्रीडरिश व सहकाऱ्यांनी अल्कॅलिजेनेस युट्रोफसच्या वाणांमध्ये हायड्रोजन ऑक्सिडीकरणाची क्षमता एका वाणातून दुसऱ्यात नैसर्गिकरीत्या संक्रमित होते, असे दाखविले. ही क्षमता मुख्य गुणसूत्रावर नव्हती, स्वतंत्र प्लाझ्मिडवर होती. एच-१६ मधील या प्लाझ्मिडचा संपूर्ण अनुक्रम २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची लांबी सुमारे ४ लाख ५२ हजार आधारक-जोड्या आहे. ज्या गुणाला ऑर्ला-जेन्सेन यांनी जीवसृष्टीच्या आरंभीचा, सर्वांत मूलभूत गुण मानले, तो गुण निदान या जीवाणूत तरी एका घरातून दुसऱ्या घरात नेता येणाऱ्या सामानासारखा निघाला. या शोधाने १९६९ च्या निर्णयाला बारा वर्षांनी असे बळ दिले की जे त्या चौघांच्या हाती तेव्हा नव्हते.

परंतु रूपाचा निकषही निर्दोष उरला नाही. कशाभिकांच्या आधारे युट्रोफसला ज्या अल्कॅलिजेनेस प्रजातीत पाठविले होते, तिच्या नमुना-जातीशी त्याचे नाते दूरचे आहे, हे रायबोसोमल आरएनएच्या तुलनेतून स्पष्ट झाले. कशाभिका अंगावर विखुरलेल्या असणे हे दोघांतील साम्य रक्ताच्या नात्याचे नव्हते. पुढे २००८ मध्ये राबेर्ग व सहकाऱ्यांनी एच-१६ च्या कशाभिका अन्नपुरवठा आणि पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेटची साठवण यांनुसार बदलतात, असे दाखविले. वाढीच्या जोमदार काळात पेशी भरपूर कशाभिका बाळगते, साठवणीच्या काळात त्यांतील काही गमावते. 'क्षीण स्वरूपाची रचना' या १९६९ च्या शब्दप्रयोगामागे जीवाणूचा स्वभाव किती आणि संवर्ध ज्या दिवशी पाहिला त्या दिवसाचा वाटा किती, हा प्रश्न या निष्कर्षामुळे नव्याने उभा राहतो. कशाभिका मोजताना संवर्धाचे वय आणि अन्न यांची नोंद ठेवणे किती निकडीचे आहे, हेही त्यातून दिसते. जुन्या वर्णनांपैकी पुष्कळांत ही नोंद नाही.

एक वाण, पाच नावे

मूळ हायड्रोजेनोमोनास कुटुंबाची नंतरची वाटचाल आता थोडक्यात पाहता येईल. बेल्जियममधील घेंट येथील विलेम्स व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये फ्लावा व तिच्या जवळच्या जातींसाठी 'हायड्रोजेनोफेगा' ही प्रजाती स्थापली आणि १९९० मध्ये फॅसिलिसला 'अॅसिडोव्होरॅक्स' मध्ये नेले. 'हायड्रोजेनोफेगा' या नावात हायड्रोजन परत आला, हे लक्षणीय आहे. मात्र आता त्यामागे आरएनए आणि डीएनए यांच्या तुलनेचा आधार होता, नाव तेवढे जुन्या आठवणीचे.

एच-१६ चा प्रवास अधिक गुंतागुंतीचा. अल्कॅलिजेनेस युट्रोफसचे १९९५ मध्ये जपानच्या याबुउची व सहकाऱ्यांनी 'राल्स्टोनिया युट्रोफा' असे नामकरण केले. सन २००४ मध्ये तो 'वॉटर्सिया युट्रोफा' झाला आणि त्याच वर्षी वांदाम व कोएन्ये यांनी दाखवून दिले की, हा जीवाणू १९८७ मध्ये मक्कर व कसिडा यांनी मातीतून वर्णिलेल्या 'क्युप्रिॲव्हिडस नेकेटर' याच्याशी एकरूप आहे. मक्कर आणि कसिडा यांनी त्याला हायड्रोजनसाठी ओळखलेच नव्हते. इतर जीवाणूंना मारून त्यांच्यावर वाढणारा आणि तांब्याला दाद देणारा म्हणून त्यांनी त्याची नोंद केली होती. 'नेकेटर' म्हणजे मारणारा. एका प्रयोगशाळेने ज्याला वायूवर जगणारा तपस्वी मानले, तोच दुसऱ्या प्रयोगशाळेत शिकारी म्हणून नोंदला गेला होता.

या नामांतरांचा उपद्रव केवळ ग्रंथसूचीपुरता नाही. सन २०२२ मध्ये सिंगापूरने एका फिनिश कंपनीच्या, हायड्रोजनवर वाढविलेल्या जीवाणूपासून मिळणाऱ्या प्रथिनचूर्णाला अन्न म्हणून मान्यता दिली. हा जीवाणू झँथोबॅक्टर प्रजातीतील आहे, म्हणजे तोच गट ज्याची भित्तिका १९७० च्या दशकात ग्राम रंजनाला चकवून गेली होती. अन्न म्हणून मान्यता द्यायची तर वाणाची ओळख निःसंदिग्ध असावी लागते, त्याच्या बाह्यपटलात कोणते घटक आहेत हे ठाऊक असावे लागते, आणि जुन्या साहित्यातील एखादा अहवाल याच वाणाविषयी आहे की नावापुरता जवळच्या दुसऱ्याविषयी, हेही तपासावे लागते. सन १९६९ च्या स्वयंसेवकांनी खाल्लेला हायड्रोजेनोमोनास युट्रोफा आजच्या सूचीत शोधायचा असेल, तर अभ्यासकाला चार नामांतरे मागे जावे लागते. एच-१६ वाण जर्मनीच्या संवर्ध-संग्रहात ४२८ या क्रमांकाने आणि अमेरिकेच्या संग्रहात १७६९९ या क्रमांकाने जपलेला आहे. कुपीवरील नाव दर वेळी बदलत गेले, हे दोन क्रमांक मात्र तेच आहेत.